रणगाडाही त्यांचा, मेट्रोही त्यांचीच

'चायना माल' म्हटलं की आपल्याला ईअरफोन, दिवाळीच्या माळा असलंच काहीतरी आठवतं. नोरिन्को हे नाव मात्र क्वचितच कुणी ऐकलेलं असतं. १९८० साली सुरू झालेली ही चीनची सरकारी कंपनी रायफल, तोफा, रॉकेट, रणगाडे असं सगळं विकते आणि वर मेट्रोही बांधते! तेहरान मेट्रोत तिचं काम आहे, लाहोरची ऑरेंज लाइन तिच्या भागीदारीतून उभी राहिली. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाला रणगाडाही आणि लोकलचा डबाही.

पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) गिऱ्हाइकांच्या यादीत आहे. १९८० ते ८८ इराण-इराक एकमेकांशी लढत होते आणि चिनी रणगाडे दोघांकडेही जात होते. लाखो माणसं मेली, पण ऑर्डर दोन्हीकडून आल्या. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेने चिनी बंदुकांची आयात बंद केली. दोनच वर्षांनी तिथे चोरून आणलेल्या २ हजार रायफली पकडल्या गेल्या आणि त्या प्रकरणात नोरिन्कोचंही नाव आलं. आज तिचे व्हीटी-४ रणगाडे आणि एसएच-१५ तोफा पाकिस्तानी सैन्यात आहेत. अल-खालिद रणगाडा तर दोघांनी मिळूनच बनवला.

यावर चीनला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मला प्रश्न आपल्याबद्दल पडतो. २०२३-२४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २१ हजार कोटींच्या वर गेली आणि आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पुण्यात विकसित झालेलं 'पिनाका' आर्मेनियाला गेलं, त्याचाही अभिमान वाटला. वाटायलाच हवा, आयात करत बसण्यापेक्षा हे कधीही बरं. शिवाय आपल्यातल्या कितीतरी मेकॅनिकलवाल्यांच्या नोकऱ्या इथूनच येणार आहेत.

फक्त आकडा दरवर्षी वाजतगाजत येतो, देशांची नावं मात्र पूर्ण येत नाहीत. संसदेत विचारलं तरी 'धोरणात्मक कारणं' पुढे केली जातात. एखादी गोष्ट गुपित असणं मी समजू शकते. पण माल कुठे गेला, पुढे कुणाच्या हातात पडला, हे विचारणाऱ्याला लगेच देशद्रोही ठरवायचं कारण नाही. चीनमध्ये नोरिन्कोला हा प्रश्न संसदेत कुणी विचारू शकत नाही. आपल्याकडे विचारता येतो, तर आपल्या खासदाराला एक मेल टाकायला काय जातंय?