यंत्राची अक्कल आणि माणसाची उमेद



तुमच्यापैकी अनेकांची मुले पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरीला आहेत. सुट्टीत घरी आल्यावर "काम झटपट होते, पण मन रमत नाही" असे त्यांनी सांगितले, तर तो आळस समजू नका. कचेऱ्यांत आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. पत्राचा मसुदा ती करते, गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यावे तेही सुचवते.

याचा फायदा खरा आहे. गिऱ्हाइकांच्या अडचणी सोडवणाऱ्या पाच हजारांवर नोकरदारांचा, त्यातले बहुतेक फिलिपिन्समधले, अभ्यास अमेरिकेत २०२३ साली पुढे आला. यंत्राच्या सूचनांमुळे काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढले, नवख्यांचे तर ३४ टक्क्यांनी. जाणत्यांना मात्र फारसा लाभ झाला नाही. उलट त्यांचीच हातोटी यंत्राने उचलून नवख्यांना दिली. आपले कसब वाटले गेले आणि कौतुक कुणी केले नाही, तर जाणत्याचे मन खट्टू होणारच.

दुसरी बाजू २०२५ साली दिसली. साडेतीन हजारांवर लोकांवर प्रयोग झाले. यंत्राच्या मदतीने काम चांगले उतरले. पण पुढचे काम एकट्याने करताना त्यातली गोडी सरासरी ११ टक्क्यांनी घटली आणि कंटाळा २० टक्क्यांनी वाढला.

हे वारे आपल्या बांधापर्यंत पोचले आहे. बारामतीला उसावर असे प्रयोग झाले आहेत. जमिनीतला ओलावा मोजून, पाणी द्यावे की नाही ते फोनवर कळते. पाण्याची बचत होते, हे चांगलेच. पण फोन सांगेल तेव्हाच मोटर लावणारा पोरगा किंवा सालगडी हळूहळू पिकाकडे पाहणेच सोडून देतो.

म्हणून दोन गोष्टी करा. फोन पाहण्याआधी मुळाच्या खोलीवरची मूठभर माती काढून दाबून पाहा. गोळा होतो की भुगा, ते बघून आपला अंदाज वहीत लिहा आणि मग फोनशी ताडा. जुळले नाही तर कारण शोधा. दुसरे, सालगड्याने यंत्राची चूक दाखवली तर चारचौघांत त्याचे नाव घ्या. नोकरीतल्या मुलालाही सांगा : पहिला खर्डा स्वतःचा, यंत्राला नंतर विचार.

पंधरा दिवस अशी वही ठेवा. आपला अंदाज कुठे खरा ठरला, ते घरातल्या पोराला स्वतः वाचू द्या.