‘गंभीर’ टीमच्या शोधात

आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र विभागाच्या फलकावर गेल्या वर्षी एक हस्तलिखित चिठ्ठी लागली होती. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याची. मजकूर चार ओळींचा: मला प्रोग्रामिंग येते, दोन छोटे गेम पूर्ण केले आहेत, आता गंभीरपणे गेम बनवणाऱ्या टीममध्ये काम करायचे आहे, अर्ध्यात सोडणाऱ्यांनी कृपया संपर्क करू नये. ‘गंभीरपणे’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढलेली होती.

काही दिवसांनी हा मुलगा मराठी विभागात आला. त्याची अडचण अशी होती: “सर, गेम खेळणारा मुलगा आहे की मुलगी, हे मला माहीत नसतं. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की भागतं. मराठीत ‘तू आत गेलास’ लिहू की ‘गेलीस’?” आमच्यातील एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “अहो, गेम खेळायचं वय संपलं आता तुमचं. परीक्षा जवळ आली आहे.” विभागात हशा पिकला. मीही हसलो. मुलगा “थँक्यू सर” म्हणून निघून गेला.

हे लिहिण्याचे कारण तो हशा आहे. मुलाने विचारलेला प्रश्न त्या आठवड्यात आमच्या विभागात विचारला गेलेला सर्वांत चांगला वाङ्मयीन प्रश्न होता, असे माझे मत आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. ‘तू आत गेलास’ या वाक्यात क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. परंतु ‘तू दार उघडलेस’ या वाक्यात ते दाराच्या मागे जाते आणि शेवटचा ‘स’ तेवढा ‘तू’ची खूण सांभाळतो. व्याकरणात याला कर्तृकर्मसंकर म्हणतात. ‘तू आत पाऊल टाकलेस’ असे लिहिले की खेळणारा कोण आहे हे विचारण्याची गरजच उरत नाही. ‘तुम्ही आत गेलात’ असेही लिहिता येईल. तेथेही लिंगाचा प्रश्न मिटतो, पण निवेदक आणि खेळणारा यांच्यात आदराचे अंतर पडते. भयकथेत ते अंतर चालेल काय? एखाद्या आजीने नातवंडाला सांगितलेल्या गोष्टीत चालेल काय? हा निर्णय प्रोग्रामरचा नाही, लेखकाचा आहे. आम्ही तो प्रकार परीक्षेत दोन गुणांसाठी विचारतो. ज्याला त्याची खरी गरज होती, त्याला मात्र हसून वाटेला लावले.

मुळात ‘गंभीर’ हा शब्द आपण कसा वापरतो? त्या मुलाच्या चिठ्ठीत त्याचा अर्थ स्वच्छ होता: हाती घेतलेले काम पूर्ण करणे. आपल्याकडे गांभीर्य हे साहित्यप्रकाराचे वतन असते. कादंबरी गंभीर, समीक्षा त्याहून गंभीर. खेळ म्हणजे पोरखेळ. ही प्रतवारी नवी नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, ती भूमिका अण्णा साळुंके यांना करावी लागली, कारण त्या माध्यमात काम करणे प्रतिष्ठितांना शोभत नव्हते. आज चित्रपटावर आपण प्रबंध लिहून घेतो. प्रत्येक नव्या माध्यमाला पन्नास वर्षे दाराबाहेर उभे करायचे आणि मग त्याच्यावर चर्चासत्र भरवायचे, ही आपली रीत झाली आहे.

दाराबाहेर काय चालले आहे ते पाहावे. पोलंडमधील इलेव्हन बिट स्टुडिओजने २०१४ मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम काढला. सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचलेला आहे. त्यात तुम्ही सैनिक नसता. वेढा पडलेल्या शहरातील पडक्या घरात जीव धरून राहिलेले नागरिक असता. औषध हवे असेल तर एका वृद्ध जोडप्याच्या घरातून ते चोरता येते. चोरी साधते, पण नंतर चोरणारे पात्र खचत जाते. वाचक पात्राचा अपराध दुरून पाहतो, येथे तो स्वतःच्या हाताने करावा लागतो. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हा गेम शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घेतला. कादंबऱ्यांच्या शेजारी, वाचनयादीत!

एस्टोनियन लेखक रॉबर्ट कुर्विट्झ यांची कादंबरी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि फारशी खपली नाही. मग त्यांनी सहकाऱ्यांसह ‘डिस्को एलिसियम’ हा गेम केला. २०१९ मध्ये आलेल्या या गेममध्ये सुमारे दहा लाख शब्दांचा मजकूर आहे, आणि तो मन लावून वाचल्याखेरीज खेळता येत नाही. ‘आजची मुले वाचत नाहीत’ या आपल्या लाडक्या वाक्याचे मग काय करायचे?

आता आक्षेप. पहिला: गेमिंग म्हणजे जुगार. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी घरे बुडवली हे खरेच आहे, आणि २०२५ मध्ये संसदेने त्यांवर बंदी घालणारा कायदाही केला. पण त्याच कायद्याने असे खेळ आणि बाकीचे खेळ यांत फरक केला आहे. जो भेद कायद्याला कळतो तो साहित्याच्या प्राध्यापकाला कळू नये, हे आश्चर्य आहे. दुसरा आक्षेप: यात हिंसा फार. असेल, महाभारतात कमी आहे काय? प्रश्न हिंसा दाखवण्याचा नसून तिच्याकडे पाहायला कसे लावता याचा आहे, आणि हे ओळखायला शिकवणे हाच तर आपला धंदा आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मराठीत हे चालणार नाही. ‘डिस्को एलिसियम’सुद्धा इंग्रजीतच लिहिला गेला, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु २०१४ चाच ‘नेव्हर अलोन’ पाहा. अलास्कातील इन्युपिआक समाजाच्या सहभागातून झालेल्या या गेमचे निवेदन इन्युपिआक भाषेत आहे; जग तळाच्या उपशीर्षकांवर नजर ठेवून ती भाषा ऐकते. ती बोलणारे काही हजार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही आठ कोटी तीस लाख लोकांची मातृभाषा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. अभिजात असणे म्हणजे यापुढे नवे काही न करण्याची सनद नव्हे. ‘राजी’सारखा गेम २०२० मध्ये पुण्यातील तरुणांच्या स्टुडिओतून जगभर गेला. कौशल्य आपल्या शहरात आहे; नाही ती भाषेची सोबत.

दोष एकाच बाजूचा नाही. त्या मुलाने टीममध्ये चित्रकार मागितला होता, संगीतकार मागितला होता. लेखक मागितला नव्हता. गोष्ट काय, कोणीही लिहील, असा त्यांचा समज असतो. पण खेळणाऱ्याला दहा ठिकाणी प्रत्येकी दोन पर्याय दिले तर वाटा होतात एक हजार चोवीस. त्या सगळ्या स्वतंत्रपणे लिहिणे अशक्य. म्हणून कोणत्या वाटा पुन्हा एकत्र आणायच्या, कोणती निवड शेवटपर्यंत लक्षात ठेवायची, हे ठरवावे लागते. ही मोजणी प्रोग्रामरची, पण कोणती निवड विसरण्याजोगी नाही हे सांगणे कथनशास्त्राचे काम. दोघे एका टेबलाशी बसल्याशिवाय ते होणार नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. एम.ए.च्या प्रकल्पलेखनात गेमची संहिता स्वीकारावी आणि तिचे मूल्यमापन एकांकिकेइतक्याच कठोरपणे करावे. २००९ पासून दरवर्षी होणाऱ्या ‘ग्लोबल गेम जॅम’मध्ये अनोळखी माणसे एकत्र येऊन थोडक्या दिवसांत गेम उभा करतात, तेथे मराठीची चार मुले जाऊन बसावीत. आणि संगणकाचा विद्यार्थी प्रयोग विचारायला आला तर त्याला खुर्ची द्यावी.

त्या मुलाला अखेर टीम मिळाली. चौघे चार शहरांत आहेत, दर रविवारी काम करतात, अजून कोणी सोडून गेलेले नाही. परवा जिन्यात भेटला तेव्हा त्याने मोबाइलवर गेमचा एक तुकडा दाखवला. कोकणातले घर, ओटी, पडवी, तुळशीवृंदावन, पाऊस, सारे हुबेहूब. ओटीवर एक म्हातारी बसली आहे. ती इंग्रजीत बोलते. “मराठीत जमलं नाही सर,” तो म्हणाला. त्याला कर्तृकर्मसंकर मी तिथेच, जिन्यात उभ्याउभ्या सांगितला. तो वहीत उतरवून घेत होता आणि मला आमचा हशा आठवत होता.