चालू आहे, पण दिसतं किती?

बीड जिल्ह्यात सोनोग्राफीचा विषय निघाला की बोलणं गर्भलिंगनिदानावर येतं, आणि ते यायलाच हवं. 2011 च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. राज्यातलं सर्वांत कमी प्रमाण. म्हणून यंत्रांची नोंदणी, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवणारा फॉर्म एफ, दर 90 दिवसांची तपासणी हवीच. पण यंत्राचा वापर कशासाठी होतो यावर एवढा पहारा असताना, त्यातून नीट दिसतं का, हे मात्र कोणी तपासत नाही. वार खाली सरकली आहे का, बाळाची वाढ खुंटली आहे का, हे ज्या गरोदर बाईला वेळेत कळायला हवं, तिच्यासाठी हा प्रश्न जिवाचा आहे.

सोनोग्राफीत पोटावर फिरवतात त्या प्रोबच्या टोकाशी लेड झिर्कोनेट टायटनेट या फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिकच्या शंभर-दोनशे बारीक पट्ट्या असतात. कारखान्यात जबर विद्युतदाब देऊन आतले डोमेन, म्हणजे विद्युत-ध्रुव एकाच दिशेला असलेले सूक्ष्म भाग, एका दिशेला वळवतात, म्हणून पट्टी विजेने थरथरते आणि परतलेल्या ध्वनीची पुन्हा वीज करते. ही घडी हळूहळू सैल होते, तेच एजिंग. त्याची चाल मोठी विलक्षण आहे: दहाव्या ते शंभराव्या दिवसात जितके टक्के घट, साधारण तितकीच पुढे हजाराव्या दिवसापर्यंत. म्हणजे सिरॅमिक जुनं होईल तसं स्थिरावत जातं. फटीग निराळा. विद्युतक्षेत्र पुन्हा पुन्हा जोरात उलटत राहिलं की डोमेनच्या सीमा दोषांपाशी अडकतात, सूक्ष्म तडे जातात. प्रोबमध्ये क्षेत्र सहसा त्या टोकाला जात नाही, आणि बीडच्या उन्हाळ्यानेही ही घडी मोडत नाही.

मग काळजी कसली, असं कोणी विचारील, आणि ते रास्तच आहे. पण स्वीडनमधल्या 32 रुग्णालयांत 676 प्रोब तपासले तेव्हा 39.8 टक्के सदोष निघाले. 2009 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक ठिकाणी सिरॅमिकवर चिकटवलेले थर सुटले होते किंवा केबलमधल्या तारा तुटल्या होत्या. तेव्हा वय झालं म्हणून प्रोब मोडीत काढणं जितकं चूक, तितकंच नवा म्हणून त्यावर विसंबणं. डॉक्टरांच्या लक्षात येईलच, हेही खरं नाही. शेजारच्या पट्ट्या उणीव झाकतात, साधं चित्र ठीक वाटतं, पण डॉपलरमधलं रक्तवेगाचं मोजमाप चुकू शकतं.

तपासणीला खर्च जवळजवळ नाही. प्रोब पुसून कोरडा करायचा आणि हवेत धरायचा. पडद्यावर सलग आडवे पट्टे उमटतात. त्यांत एखादी काळी उभी भेग दिसली तर संशय घ्यायचा. मग कागदाला लावायची तारेची क्लिप प्रोबच्या तोंडावरून कडेकडेने सरकवायची. तिच्यामुळे उठणारी उजळ रेघ जिथे विझते, तिथली पट्टी मुकी.

मग ती होत का नाही? एक्स-रे यंत्राची गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने होते. सोनोग्राफीत तसे घातक किरण नाहीत, म्हणून ती त्या कक्षेबाहेर. सरकारी उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रमही यंत्र किती वेळ चालू राहिलं यावर मोजतो, जिल्हा रुग्णालयासाठी 95 टक्के. दहा पट्ट्या मेलेला प्रोब त्या हिशेबात चालूच धरला जाईल. आणखी एक तपासणी म्हणजे डॉक्टरांमागे आणखी एक जाच, ही भीती खोटी नाही. म्हणूनच प्रोबच्या तपासणीची नोंद गर्भलिंगनिदानविरोधी कायदा राबवणाऱ्या समुचित प्राधिकाऱ्याच्या दप्तरात जाऊ नये. ती बायोमेडिकल अभियंत्याच्या वहीत राहावी, देखभालीच्या करारात तिची अट असावी, आणि सुरुवात बीडच्या जिल्हा रुग्णालयातून व अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातून व्हावी.