इंजिन मूळचे की मागाहून बसविलेले?

कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा आबालवृद्ध तिच्याकडे कौतुकाने पाहतात. परंतु जुन्या मोटारींचे प्रकरण आता केवळ कौतुकाचे राहिलेले नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम करून अशा वाहनांची निराळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेली, व्यापारासाठी न वापरलेली दुचाकी वा चारचाकी तीत बसते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. मात्र अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले हवे. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

या एका अटीने ‘मूळ’ या शब्दास मोल चढले. आणि ज्यास मोल चढते त्याची नक्कल होते, हा जगाचा नियमच आहे. संगीत शिकविणाऱ्याने इंजिनाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण जुन्या पेटीच्या विक्रीत हाच अनुभव येतो. पट्टीवर ‘पॅरिस’ कोरलेले असते आणि आतले सूर कोठले, ते वाजवून व उघडून पाहिल्यावाचून कळत नाही.

इंजिनावर दोन प्रकारचे आकडे असतात आणि पुष्कळ लोक तेथेच फसतात. एक आकडा ओतीव असतो. तो साच्याचा, एकाच साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकांवर तो सारखाच येणार. त्याच्याजवळ कित्येक कारखाने ओतकामाची तारीखही उठवीत. ब्लॉक आधी ओतला जातो आणि गाडी मागाहून जुळविली जाते. तेव्हा ब्लॉकची तारीख गाडीच्या जन्मानंतरची निघाली, तर इंजिन मूळचे नव्हे, हे उघड आहे. दुसरा आकडा ठोकलेला असतो. तो त्या एकाच इंजिनाचा. खोटेपणा बहुधा येथे होतो : जुना आकडा घासून नवा ठोकतात. अशा वेळी पृष्ठभागावरच्या यंत्रकामाच्या बारीक रेघा नाहीशा झालेल्या दिसतात आणि अंकांची खोली व ओळ बिघडते. शिवाय ठोक्याने आतली धातू दबलेली असते, म्हणून रासायनिक द्रावण लावले असता घासलेला अंकही पुष्कळदा पुन्हा उमटतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हीच युक्ती वापरतात.

इंजिनाचा व चासीचा क्रमांक एकच असला पाहिजे, ही समजूतही चुकीची आहे. रोल्स-रॉइसमध्ये ते दोन्ही वेगळे असत. जुळावयाचे असते ते कारखान्याच्या मूळ नोंदीशी. त्या कंपनीच्या जुन्या चासींची नोंदपत्रे इंग्लंडातील तिच्या चाहत्यांच्या संस्थेने जपून ठेवली आहेत.

आपल्या सीमाभागात मात्र कागदांचीच पंचाईत होते. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. दक्षिणेतील संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, कोल्हापूर १९४९ मध्ये. तेव्हा संस्थानातून निपाणीस आणि तेथून बेळगावास आलेल्या मोटारीचे कागद तीन राजवटींचे असू शकतात. नोंदणी पुस्तकातील जुने पान गहाळ झाले की गाडीच्या चरित्राचा एक अध्यायच नाहीसा होतो.

इंजिन बदलले म्हणजे पाप झाले, असे मात्र कोणी समजू नये. स्वातंत्र्यानंतर परदेशी सुटे भाग दुर्मिळ झाले, पुढे पेट्रोल महागले, आणि कित्येक मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने बसली. ती बसली म्हणूनच त्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. बदलाची नोंद नोंदणीपत्रात करणे हे मालकाचे कर्तव्य. ती असेल तर बदल हाही गाडीचा इतिहासच ठरतो.

या बाबतीत इंग्लंडमधील १९९० चा एक निकाल मननीय आहे. १९२९ व १९३० साली ले मान्सची शर्यत जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीत १९३२ मध्ये आठ लिटरचे निराळे इंजिन बसले होते. विक्रीच्या वेळी ‘ही तीच गाडी नव्हे’ असे म्हणून खरेदीदाराने करार नाकारला. न्यायमूर्ती ऑटन यांनी ती तीच गाडी ठरविली, कारण तिचा इतिहास कोठेही तुटला नव्हता आणि बदलांचा मागमूस लागत होता. अर्थात, आपल्या २०२१ च्या नियमापुढे हा युक्तिवाद टिकेलच असे नाही. तेथे इंजिनाचा शब्दशः उल्लेख आहे. पण त्यामुळेच प्रामाणिक मालकास अडचण आणि खोटे आकडे ठोकणाऱ्यास आमिष, अशी उलटी स्थिती होण्याचा धोका आहे. तपासणी समित्यांनी नोंदविलेला बदल आणि लपविलेला बदल यांत फरक करावयास हवा.

थोडी जबाबदारी आपल्या कारागिरांचीही आहे. मच्छे आणि उद्यमबाग येथे ओतकाम व यंत्रकाम जाणणारे हात आहेत. जुन्या इंजिनाचा मिळेनासा भाग बनवून देणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. असा भाग बनविताना त्यावर स्वतःची खूण आणि साल उठवावे. कारखान्याचा जुना आकडा उठवू नये. मालकानेही बदललेला ब्लॉक भंगारात न घालता कागदांसह जपावा. नव्या भागावर ‘मच्छे’ हे नाव दिसले तर गाडीची किंमत कदाचित थोडी उतरेल. पण तिची साक्ष पुढच्या पिढीला खरी मानता येईल.