नको, नको आणि नको

कुठल्याही सार्वजनिक बागेत संध्याकाळी पंधरा मिनिटं बाकावर बसा आणि नुसते ऐका. सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे 'नको'.

"माती नको, छी छी!" "दगड टाक आधी तो!" "शी, किडा आहे! चल इकडे!"

समोर कोण? दीड-दोन वर्षांचं पोर. नुकतंच चालायला लागलेलं. जग पाहून त्याला दीडच वर्ष झालंय आणि त्यातलं निम्मं छताकडे बघण्यात गेलंय. आता कुठे जमीन हाताशी आली, तर वरून हुकूम सुटतात. मला एक कळत नाही, मंडळी, मग पोरांना बाहेर आणता तरी कशाला? मोकळी हवा खायला म्हणे. हवा काय, गॅलरीतही मिळते!

बरं, टेकडीवर तरी वेगळं असावं? छे. पुण्यात वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी बघा. बाळ बाबांच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधलेलं. वर पोचल्यावर फोटो, मग तसंच खाली. टेकडी चढले बाबा, पाहिली मोबाइलनं. बाळाच्या पायाला खडाही लागला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी. बाबागाडीत किंवा खुर्चीत त्याला सलग एका तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. एक वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच. म्हणजे ज्याला 'नको' म्हणायचं, ते आपण जेवताना हातात देतो आणि जे द्यायचं, त्याला 'नको' म्हणतो.

मध्यंतरी एका प्ले-ग्रुपचं माहितीपत्रक हातात आलं. त्यात 'सेन्सरी प्ले' असा गोंडस शब्द होता. म्हणजे काय, तर ट्रेमध्ये धुतलेली वाळू, थोडे खडे, थोडी पानं. त्याची फी वेगळी! बागेत फुकट मिळणारी माती 'घाण' आणि ट्रेमध्ये आली की 'शिक्षण'. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हा खडे, पानं, बिया, शंख-शिंपले हीच त्यांची साधनं होती. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळा घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द आज आपण सर्रास वापरतो, पण त्यातलं अंगण मात्र विसरलो.

तुम्ही म्हणाल, "लिहायला काय जातं? उद्या पोराला काही झालं म्हणजे?" रास्त प्रश्न आहे. आणि माझं भांडण नेमकं इथेच आहे.

बाहेर धोके आहेतच. रस्त्याच्या दुभाजकावर आणि बागेच्या कडेला हौसेनं लावलेली कण्हेर विषारी असते, पानाफुलांसकट सगळी. धोतराही तसाच. गाजर गवतानं अंगाला खाज सुटते. कुत्र्या-मांजरांनी घाण केलेल्या मातीतून जंत होऊ शकतात. इथे 'नको' म्हणायलाच हवं, आणि तेही ठामपणे. पण ज्या पोरानं सकाळपासून पन्नास 'नको' ऐकलेत, त्याला एक्कावन्नावा वेगळा कसा कळणार? मुंगीलाही 'नको', वाळक्या पानालाही 'नको' आणि कण्हेरीलाही तोच 'नको'! शब्दाची किंमत आपणच घालवायची आणि पोर ऐकत नाही म्हणून परत आपणच ओरडायचं.

माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर मखमली लाल किडे निघतात ना, तसला एक तिला बागेत दिसला. वीस मिनिटं ती उकिडवी बसून होती. एक काकू लगबगीनं आल्या. "अहो, तिचे हात बघा, मातीनं भरलेत!"

"हो काकू, घरी गेल्यावर धुणार आहे."

काकूंना ते फारसं पटलं नाही. असो. साबण पाच मिनिटांचं काम करतो. त्या वीस मिनिटांत तिनं जे पाहिलं, ते कुठल्या साबणानं जात नाही.

खरं सांगू? पुष्कळदा भीती जंतूंची नसतेच. कपडे मळतील, लोक बघतील, आपल्याला घाई आहे, ही कारणं असतात. दिवसभर नोकरी करून अर्धाच तास मिळतो, हे मीही जाणतो. पण मग त्या अर्ध्या तासात बागेला तीन फेऱ्या झाल्याच पाहिजेत, असं कुठे लिहिलंय? पोर पहिल्याच दगडाशी थांबलं तर थांबू द्या. त्याची सहल तिथेच आहे. तुम्हीही शेजारी बसा, मोबाइल खिशात ठेवून.

उद्या बागेत जाल तेव्हा एक करा. स्वतःचे 'नको' मोजा. कण्हेर, कुत्रं आणि रस्ता, एवढ्यांसाठी राखून ठेवा. बाकीचे घरीच ठेवून या.