‘मँडेमस’मधले ‘आम्ही’

माझी भाची दिल्लीत वकिली शिकते. मागच्या रविवारी आमच्या मयूर विहारच्या घरी ती संविधान उघडून बसली होती. अनुच्छेद ३२ मधले रिट पाठ करणं चाललं होतं. ‘‘मावशी, हे लॅटिन नुसतं घोकायचंच असतं,’’ ती म्हणाली. मी इथल्या शाळांत तीस वर्षं संस्कृत शिकवलं. हे ऐकून मला राहवेना.

म्हटलं, ‘‘आठवीत वद् धातू चालवायचीस ना? चालव.’’ वदामि, वदावः, वदामः... तिला अजून येत होतं. मग मी कागदावर लॅटिनमधला ‘आज्ञा करणे’ हा धातू लिहिला: मांदो, मांदास, मांदात, मांदामुस, मांदातिस, मांदांत. लॅटिनमध्ये द्विवचन नाही, तेवढं ओझं कमी. धातू वेगळे, पण प्रत्यय भावंडं: ‘मः’च्या जागी ‘मुस’, ‘ति’च्या जागी ‘त’, ‘न्ति’च्या जागी ‘न्त’. कोर्टात ज्याला मँडेमस म्हणतात तो हाच मांदामुस. अर्थ, ‘आम्ही आज्ञा करतो’. कर्ता वेगळा लिहायची गरजच नाही, तो प्रत्ययातच बसलेला आहे.

हेबिअस कॉर्पस तर याहून बोलकं आहे. ‘हाबेस’ म्हणजे ‘तुझ्याजवळ आहे’. त्यात एक ‘आ’ घातला की होतं ‘हाबेआस’: ‘तुझ्याजवळ असावा’. आपल्या मराठीतला विध्यर्थच. कॉर्पस म्हणजे देह. हे क्रियापद द्वितीय पुरुषी एकवचनी आहे. म्हणजे न्यायालय कैद्याशी बोलत नाही, त्याला डांबून ठेवणाऱ्याशी बोलतं: त्याला हजर कर. हा ‘तू’ कोण, ते कळलं की रिट कोणाविरुद्ध असतं ते वेगळं पाठ करावं लागत नाही. कॅव्हेटही तसंच. ‘कावेत’ म्हणजे ‘तो सावध असतो’, ‘कावेआत’ म्हणजे ‘त्याने सावध असावे’. पुन्हा तोच एक ‘आ’. दिल्लीच्या पटियाला हाउस कोर्टाबाहेर टाइप होणारं अ‍ॅफिडेव्हिटसुद्धा मुळात पूर्ण वाक्य आहे: ‘त्याने किंवा तिने शपथेवर सांगितले आहे.’

मराठी माणसाला या नात्याचं नवल वाटू नये. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सनी १५८३ मध्येच गोव्याहून भावाला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं लिहिलं होतं. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणारं विल्यम जोन्स यांचं कोलकात्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६ चं, म्हणजे त्यानंतर दोनशे तीन वर्षांनी झालेलं.

वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लॅटिन शिकावं असं मी म्हणत नाही. पण ज्या शब्दांच्या बळावर माणूस कोठडीतून सुटतो, ते शब्द मंत्रासारखे न समजता म्हणणं मला पटत नाही. आणि शाळेत मुलं धातुरूपं पाठ करतात ती केवळ गुणांसाठी. नववीत संस्कृत सुटलं की ती विसरतात, कारण त्यांचा पुढे कशाशी संबंध असतो हे आम्ही शिक्षकांनी कधी दाखवलंच नाही. मीही दाखवलं नाही, याची खंत वाटते.

संस्कृत शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वर्षातला एक तास यासाठी काढा, आणि फळ्यावर ‘वदामः’च्या शेजारी ‘मांदामुस’ लिहा.