पुस्तकातली घटपर्णी आणि पायाखालचा दवबिंदू

'कीटकभक्षी वनस्पतीचे उदाहरण द्या' या प्रश्नाला आमची मुले 'घटपर्णी' असे उत्तर लिहितात आणि आम्ही शिक्षक लाल शाईने बरोबरची खूण करतो. आपल्या देशात घटपर्णी रानात आढळते ती मेघालयाच्या डोंगरांत. विद्यार्थ्याने ती पाहिलेली नसते, मास्तरांनीही नसते. न पाहिलेल्याने न पाहिलेल्याला गुण द्यायचे, या व्यवहाराला आपण विज्ञानशिक्षण म्हणतो! मी भाषेचा माणूस, मराठीचा एम. ए.; पण मुख्याध्यापक म्हणून या पापात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करतो.

माझे डोळे उघडले ते एका भाद्रपदात, चोर्ल्याच्या सड्यावर. मुले डबे उघडून बसली होती. घरी कन्नड बोलणारा आठवीतला एक मुलगा गुडघ्यांवर बसून ओरडला, "सर, इल्ली नोड्री!" वीतभरही नसलेले रोप, पानांवर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेले चिलट. हाच दवबिंदू. शेजारी निळ्याजांभळ्या फुलांचा ताटवा होता. मुलींनी नाव बरोबर सांगितले, 'सीतेची आसवे'. पण ही नाजूक फुलेही शिकारी वनस्पतीची आहेत, हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. तिला मुळे नसतात. ओल्या मातीतल्या धाग्यांवर बारीक फुगे असतात आणि सूक्ष्म जीवाचा स्पर्श होताच ते त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागात आत ओढून घेतात.

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. झाड मांस का खाते? जांभ्यावरची माती बोटभर, तीही पावसाने धुतलेली; तिच्यात नत्र फार थोडे. अन्न ही झाडे उन्हातच तयार करतात, नत्राची तूट मात्र किड्यांतून भरून काढतात. फळ्यावर हे सांगायला मला तासभर लागला असता आणि तरी ते कोणाच्या लक्षात राहिले नसते.

पालक म्हणतात, सापकिरडू असते. शिक्षक म्हणतात, पोर्शन पुरा होत नाही. पण याच पालकांना करमणूक-उद्यानाच्या सहलीला पैसे द्यायला जड जात नाही. चार्ल्स डार्विनला हा विषय प्रयोगशाळेत सापडला नव्हता. 1860 च्या उन्हाळ्यात सुट्टीवर असताना माळावरच्या दवबिंदूच्या पानांवर त्याला अडकलेले किडे दिसले. कीटकभक्षी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ आला 1875 साली. पंधरा वर्षांचा तो ध्यास पायाखाली पाहण्यातून सुरू झाला.

नियम दोनच हवेत. गुडघे खाली, हात मागे. रोप उपटायचे नाही, ताटव्यात पाय घालायचा नाही. नाव मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, कोकणीत सांगा. तीन राज्यांच्या हद्दी जिथे भिडतात तिथल्या या रोपाला कोणत्याच भाषेचे वावडे नाही.

हे केले नाही तर काय होईल? सड्याची ओळख नसलेले मूल उद्या मोठे होऊन खुर्चीवर बसेल, सड्याला 'पडीक जमीन' म्हणेल आणि चिरेखाणीच्या कागदावर निर्धास्त सही करेल. त्या सहीचे अर्धे पाप आपले असेल.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सडा सुकू लागलेला असेल. पालकहो, पुढच्या भाद्रपदातला एक रविवार आत्ताच राखून ठेवा.